"वडिलांचं जाणं आठव" असं सांगून रडू आणायचं, ही अभिनयाची शास्त्रशुद्ध पद्धत आहे का?

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. अकरा वर्षं झाली, परभणीत कॉलेजच्या पोरापोरींची नाटकं बसवते. राज्य नाट्य स्पर्धा, विद्यापीठाचा युवक महोत्सव, अधूनमधून एकांकिका. इथं आजवर फक्त वाचायला येत होते. आज लिहायला बसले, कारण एक गोष्ट तीन आठवडे डोक्यातून जात नाहीये.

मे महिन्यात आम्ही दहा दिवसांचं शिबिर घेतलं. बाहेरगावाहून एका प्रशिक्षकांना बोलावलं होतं. सरावाला घेतलेला प्रवेश असा: विहिरीवर गेलेला मुलगा परत येणार नाही, ही बातमी आईला कळते. आईचं काम करणारी पोरगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. आम्हाला ते माहीत होतं, प्रशिक्षकांनाही कुणीतरी सांगितलेलं होतं. पाचव्या दिवशी त्यांनी तिला हॉलच्या मधोमध सतरंजीवर आडवं केलं, ट्यूबलाइट बंद केल्या आणि हळू आवाजात एकेक विचारत गेले. दवाखान्यात वास कसला होता? चादर कुठल्या रंगाची होती? वडिलांच्या चपला कुठं काढून ठेवल्या होत्या? चपलांपाशी तिचा बांध फुटला. पाऊण तास ती रडत होती. मग "हेच प्रवेशात आण" म्हणून तिला तसंच उभं केलं. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. टाळ्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्याच प्रवेशात तिचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेना. शब्द घशातच राहायचे. तिसऱ्या दिवशी तिनं दोन वाक्यं गाळली. चौथ्या दिवशी ती आलीच नाही. रात्री तिच्या आईचा फोन आला, "ताई, पोरगी दोन दिस झाले जेवायली नाही. नाटकात असं काय शिकवायलाव तुम्ही?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, ही शास्त्रशुद्ध पद्धत आहे, जगभर असंच शिकवतात. मला इथल्या जाणत्या माणसांना विचारायचंय: यात शास्त्र नेमकं कोणतं? त्यातलं आज किती उभं राहतं? आणि पुढच्या तालमीला मी काय करू?

तिसरी घंटा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, वाचून वाईट वाटलं. मी इथल्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलो. त्या बळावर इतिहासाचा भाग सांगतो. शरीराचं जाणकारांनी सांगावं.

तुमच्या पोरीवर जो प्रयोग झाला त्याला इमोशनल मेमरी, म्हणजे भावनिक स्मृती म्हणतात. त्याचं मूळ रंगभूमीत नाही, मानसशास्त्रात आहे. थेओद्यूल रिबो नावाचे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ होते. भावनांच्या मानसशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ १८९६ चा. जुनी भावना जशीच्या तशी पुन्हा जागी होते का, हा त्यांचा प्रश्न. मॉस्कोचे नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांनी रिबो वाचले आणि त्यांना वाटलं, नटाला रोज रात्री ठरल्या वेळी भावना कुठून आणायची याचं उत्तर इथं आहे. पण रिबोंनी स्वतःच लिहून ठेवलंय की असं खरोखर पुन्हा भोगता येणं थोड्याच लोकांना जमतं. बहुतेकांना "तेव्हा मला दुःख झालं होतं" एवढी माहिती आठवते, दुःख आठवत नाही. म्हणजे ज्या पायावर ही पद्धत उभी केली त्या पायातच लिहिलेलं होतं की सगळ्यांचं वजन पेलणार नाही.

पुढं १९२३ मध्ये स्तानिस्लावस्कींची नाट्यसंस्था, मॉस्को आर्ट थिएटर, अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. स्तानिस्लावस्कींचे जुने विद्यार्थी बोलेस्लावस्की यांनी न्यूयॉर्कमध्ये शाळा काढली, तिथं ली स्ट्रासबर्ग शिकले. स्ट्रासबर्गनी भावनिक स्मृती हाच आपल्या शिकवणीचा कणा केला. १९४७ साली निघालेल्या अॅक्टर्स स्टुडिओत ते पुढं मुख्य शिक्षक झाले आणि "मेथड" हा शब्द सिनेमावाल्यांच्या तोंडून आपल्यापर्यंत आला.

मधल्या काळात खुद्द स्तानिस्लावस्की तिथं थांबलेच नव्हते. १९३४ मध्ये अमेरिकन नटी स्टेला अॅडलर त्यांना पॅरिसमध्ये भेटली, काही आठवडे त्यांच्याकडं शिकली आणि परत येऊन आपल्या मंडळींना तिनं सांगितलं की त्यांचा भर आता स्वतःच्या जखमा उकरण्यावर नाही. तो दिलेल्या परिस्थितीवर, कल्पनेवर आणि कृतीवर आहे. यावरून तिचं आणि स्ट्रासबर्गचं जे बिनसलं ते कायमचं. शेवटच्या वर्षांत स्तानिस्लावस्की शारीरिक कृतींच्या मार्गानं शिकवत होते: पात्र काय करतं ते नीट, खरं कर, भावना मागून येईल.

तेव्हा "जगभर असंच शिकवतात" हे खरं नाही. जगात या एका गोष्टीवर नव्वद वर्षं भांडण चालू आहे.

माणिक_नांदेड

ताई, त्या पोरीचं ऐकून मलाही वाईट वाटलं. तरी एक बाजू मांडतो. मी स्वतः आजीची आठवण काढून एका एकांकिकेत खरं रडलोय, बक्षीसही मिळालंय. प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. एका प्रशिक्षकाला सांभाळता आलं नाही म्हणून सगळी पद्धत टाकून द्यायची का? आतून आल्याशिवाय अभिनय होत नाही असं मी आजही मानतो.

नाडीपरीक्षा (अंबाजोगाई)

मी मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवतो आणि घरी नाटकाचं वेड आहे. गोदाकाठताई, तुम्ही लिहिलेल्या तीन गोष्टींकडं मी डॉक्टर म्हणून पाहिलं.

एक, आवाज. खरं रडू येतं तेव्हा शरीर जास्त हवा आत घ्यायला बघतं आणि स्वरयंत्राची फट उघडी ठेवतं. त्याच वेळी आपण आवंढा गिळतो, गिळताना ती फट मिटावी लागते. या ओढाताणीत स्नायू ताठतात, त्यालाच आपण गळा दाटून येणं म्हणतो. त्यात श्वास हुंदक्यांनी तुटलेला. अशा गळ्यातून तिसऱ्या रांगेपर्यंत शब्द जाणार कसा? पोरीचं काही चुकलं नाही. तिच्या शरीरानं शोकात जे करायचं तेच केलं, फक्त ते बोलण्याच्या आड येतं.

दोन, आठवण. आठवण म्हणजे पेटीत ठेवलेला फोटो नव्हे. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की पक्की झालेली भीतीची आठवण पुन्हा जागी केली की काही काळ ती मऊ पडते आणि नव्यानं घट्ट व्हावी लागते. माणसात हे कितपत आणि कधी घडतं यावर अजून वाद आहेत. पण आठवण काढताना ती बदलते, यावर फारसं दुमत नाही. वडिलांच्या चपला रोज सहा वाजता तालमीसाठी बाहेर काढल्या तर दोनपैकी एक होणार. एकतर त्या झिजतील आणि पंधराव्या प्रयोगाला रडू येणार नाही. नाहीतर त्या अवेळी, जेवताना, झोपताना स्वतःहून समोर येतील. दोन्ही नटाच्या कामाचं नाही, आणि दुसरं तर माणसाच्याही कामाचं नाही.

तीन, उलटा रस्ता. १९८३ मध्ये एकमन, लेव्हन्सन आणि फ्रीसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी व्यावसायिक नट आणि काही शास्त्रज्ञ घेऊन एक प्रयोग केला. काही वेळा त्यांना जुना प्रसंग आठवायला सांगितला. काही वेळा भावनेचं नावच घेतलं नाही, फक्त सूचना दिल्या: भुवया खाली ओढा, वरची पापणी उचला, ओठ दाबा. नुसत्या चेहऱ्याच्या त्या ठेवणीनं नाडी बदलली. राग आणि भीती दोन्हीत ठोके वाढले, पण रागात बोटं जास्त गरम झाली. म्हणजे बाहेरून आत रस्ता आहे.

आता सावधगिरी. प्रत्येक भावनेचा शरीरावर असा वेगळा, पक्का ठसा उमटतो हे पुढच्या अभ्यासांत टिकलं नाही. माणसामाणसात फार फरक पडतो. दातांत पेन धरून हसरा चेहरा केला की व्यंगचित्र जास्त गमतीचं वाटतं, हा १९८८ चा प्रसिद्ध प्रयोग २०१६ मध्ये सतरा प्रयोगशाळांनी पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. मग २०२२ मध्ये एकोणीस देशांतल्या ३८७८ लोकांवर मोठा अभ्यास झाला. हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केली किंवा स्नायू मुद्दाम तसे हलवले तर आनंद थोडा वाढतो, पेनाच्या युक्तीनं मात्र खात्रीनं काही सांगता येत नाही, असं निघालं. थोडा म्हणजे थोडाच. चेहरा वाकडा केला की शोक तयार, असं कुणी शिकवत असेल तर तेही शास्त्र नाही.

मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो श्वास. बेल्जियममधल्या २००२ च्या एका अभ्यासात लोकांना नुसत्या श्वासाच्या सूचना दिल्या, भावनेचं नाव नाही. तरी त्या त्या श्वासाला जुळणारी भावना त्यांना जाणवली. माणिकराव, "आतून" यायलाच हवं हे मला मान्य. पण श्वासही आतच असतो की.

भारूडवाले (पैठण तालुका)

मला इंग्रजी पुस्तकातलं काही कळत नाही, पण डॉक्टरसाहेबांचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही.

आमच्या घरात चार पिढ्या नाथांची भारुडं आहेत. आमचे आजे विंचवाचं भारूड करायचे. ते शिकवायला बसले की पहिले आठ दिवस तोंडातून शब्द काढू द्यायचे नाहीत. नुसता पाय. उजव्या पायाचा अंगठा आत वळवायचा, टाच उचलायची, आणि त्याच क्षणाला श्वास अर्धा घेऊन तोडायचा. सगळा घ्यायचा नाही, अर्धा. मग तो तुटका श्वास पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत चढवायचा. कंबर एका बाजूला गेली की खांदा आपोआप वर जातो, मान वळती, आणि तोंड उघडतं. तेव्हा जो आवाज निघतो तो "अगं बाई" म्हणून पाठ करून येत नाही. मी दहा वर्षांचा होतो. मला विंचू कधीच चावला नव्हता. पण आठव्या दिवशी माझ्या अंगाला दरदरून घाम सुटला, आणि आजे म्हणाले, हं, आता शब्द घे.

आणिक एक. भारूड झालं की आजे तसेच उठून जाऊ द्यायचे नाहीत. साडी सोडायची, घडी करायची स्वतःच्या हातानं. तोंड गार पाण्यानं धुवायचं. मग नाथांच्या फोटोपुढं माथा टेकायचा आणि आपलं नाव घ्यायचं, बापाच्या नावासकट. त्याच्याआधी कुणाशी बोलायचं नाही. मी एकदा तसाच चहाला गेलो तर पाठीत धपाटा बसला होता. का ते तेव्हा सांगितलं नाही. ताईंच्या पोरीचं वाचलं आणि समजलं.

गोदाकाठ (परभणी)

भाऊ, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. आमच्या शिबिरात आत जायचा रस्ता होता. बाहेर यायचा कुणीच सांगितला नाही, मलाही सुचलं नाही.

तिसरी घंटा (छत्रपती संभाजीनगर)

भारूडवाले दादांनी अंगठ्यापासून सांगितलं, तेच तत्त्व घेऊन नाट्यदिग्दर्शक मायरहोल्द रशियात उभे राहिले होते. १९२२ पासून त्यांनी बायोमेकॅनिक्स शिकवायला घेतलं. बाण मारणं, दगड फेकणं, थप्पड मारणं अशा ठरलेल्या हालचालींच्या मालिका. त्यांच्यामागं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांचा १८८४ चा सिद्धांत होता. अस्वल दिसलं, मी घाबरलो, म्हणून पळालो, हा क्रम जेम्सनी उलटा केला: पळणाऱ्या, थरथरणाऱ्या शरीराची जाणीव हीच भीती. पावलोव्हच्या प्रतिक्षिप्त क्रियाही त्यांच्या डोक्यात होत्या, आणि कारखान्यातल्या मजुराच्या हालचाली मोजणारं टेलरचं शास्त्रही. त्यातलं बरंचसं आज जुनं झालंय, जेम्सही जसाच्या तसा उरलेला नाही, पण शरीरापासून सुरुवात हा धागा टिकला. मायरहोल्दना मात्र सत्तेनं टिकू दिलं नाही. १९३९ मध्ये अटक झाली, १९४० मध्ये गोळ्या घातल्या.

श्वासाबद्दल आणखी एक नाव सांगतो: सुसाना ब्लोख. चिलीच्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १९७० च्या सुमारास त्यांनी एक मानसशास्त्रज्ञ-डॉक्टर आणि एक नाट्यदिग्दर्शक यांच्याबरोबर काम केलं. प्रबळ भावनेत माणसाचा श्वास, अंगाची ठेवण आणि चेहरा कसा असतो ते नोंदवलं आणि त्यातून नटांसाठी सहा नमुने काढले: आनंद, शोक, भय, क्रोध, शृंगार आणि माया. या पद्धतीत बाहेर पडण्याची पायरी सक्तीची आहे. निदान तीन संथ, पूर्ण श्वास, चेहरा सैल सोडायचा, उभं राहण्याची ढब बदलायची. साडीची घडी आणि गार पाणी यांच्याशी हे किती जुळतं बघा. पद्धत चालते का याच्या कडक चाचण्या थोड्याच झाल्यात, तेव्हा तिलाही मंत्र समजू नका. पण ती पायरी मला अतिशय मोलाची वाटते.

आणि आपलं घरचं. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू, प्रलय हे आठ सात्त्विक भाव. नीट पाहिलं तर ही यादी आजचा डॉक्टर ज्याला स्वायत्त मज्जासंस्थेची लक्षणं म्हणेल त्याचीच आहे. घाम, शहारा, कंप, रंग उडणं, आवाज बदलणं. हे भाव येतात कशानं? भरत म्हणतो, समाहित मनानं, म्हणजे एकाग्र मनानं. स्वतःचं दुःख उकरून काढ, असं तो म्हणत नाही. त्याच्यावर भाष्य लिहिणारा अभिनवगुप्त तर आणखी पुढं जातो. रस नटात नसतो, नट हे रसाच्या आस्वादाचं साधन, म्हणून त्याला पात्र म्हणतात. पेल्याला पेयाची चव कळत नाही. आपण रोज "पात्र" म्हणतो आणि तो पेला विसरतो.

शब्दवेल (लातूर)

दोन वाक्यं गाळली त्याबद्दल थोडं. अमेरिकेत हेल्गा आणि टोनी नोइस हे जोडपं (त्या मानसशास्त्रज्ञ, ते नट) नटांच्या पाठांतराचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आलंय. नट बहुधा घोकत नाहीत. हे पात्र समोरच्याकडून काय मिळवू पाहतंय ते शोधत वाचतात, आणि वाक्यं त्यातून बसतात. हालचालीसोबत म्हटलेली वाक्यं नुसत्या उभ्यानं म्हटलेल्यांपेक्षा जास्त लक्षात राहतात, असंही त्यांना आढळलं. तुमच्या पोरीचं लक्ष समोरच्या पात्रावरून उठून स्वतःच्या आठवणीकडं गेलं. वाक्य धरून ठेवायला मग काही उरलंच नाही, असा माझा अंदाज.

मिरर न्यूरॉनवर (दुसऱ्याची कृती नुसती पाहतानाही, आपणच ती करत असल्यासारख्या जाग्या होणाऱ्या मेंदूतल्या पेशींवर) कुणी व्याख्यान दिलं तर मात्र जपून. १९९० च्या दशकात इटलीत पार्मा इथं माकडांच्या मेंदूत ते सापडले, एवढं पक्कं. त्यावरून प्रेक्षकाच्या करुणेचं सगळं गणित सुटलं असं शिबिरांत सांगतात, ते फार ओढूनताणून आहे.

माणिक_नांदेड

दोन दिवस विचार करत होतो. खरं सांगतो. बक्षिसाच्या त्या प्रयोगानंतर मी रात्रभर झोपलो नव्हतो, आणि पुढच्या केंद्रावर तोच प्रवेश कोरडा गेला. आजी आठवली, पण पाणी आलं नाही. तेव्हा वाटलं माझंच प्रेम कमी पडलं. हे आजवर कुणाला बोललो नव्हतो. पण मग पहिल्या प्रयोगाला जे भरून आलं होतं ते काय होतं?

नाडीपरीक्षा (अंबाजोगाई)

माणिकराव, तुमचं आजीवरचं प्रेम कमी नव्हतं. तीच आठवण तेच पाणी दरवेळी देत नाही, एवढंच. दिदरो या फ्रेंच लेखकानं अठराव्या शतकातच लिहून ठेवलं होतं की भावनेवर विसंबणारा नट एका रात्री आभाळाला भिडतो आणि दुसऱ्या रात्री थंड पडतो.

आणि ते भरून येणं खोटं नव्हतं. नेदरलँड्सच्या एली कोनाइन यांनी व्यावसायिक नटांना विचारून पाहिलं, रंगमंचावर तुम्हाला नेमकं काय वाटतं? पात्राचा शोक किंवा राग नटांनी फारसा सांगितला नाही. त्यांनी सांगितली एकाग्रता, ताण, आव्हानाची झिंग, आपण प्रेक्षकांना धरून ठेवलंय ही जाणीव. याला कोनाइन कामाची भावना म्हणतात, आणि त्यांच्या मते हीच ऊर्जा पात्राच्या भावनेला जिवंतपणा देते. तुमच्या त्या शांत प्रेक्षागृहात आजीइतकीच ती भावनाही काम करत असेल.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात नटांना एमआरआय यंत्रात झोपवून आधी स्वतः म्हणून आणि मग रोमिओ किंवा ज्युलिएट म्हणून प्रश्नांची उत्तरं द्यायला लावली. पात्र म्हणून बोलताना मेंदूच्या पुढच्या भागात, "मी" च्या विचाराशी जोडलेल्या जागांत हालचाल कमी झालेली दिसली. एका अभ्यासावर घर बांधू नये. पण भूमिकेत जाताना "मी" थोडा मागं सरकत असेल, तर आठवणीच्या पद्धतीत आपण नेमकं त्या "मी" लाच पुढं ओढतो, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोदाकाठ (परभणी)

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगते.

रविवारी पोरीच्या घरी गेले. आधी तिच्या आईची माफी मागितली. पोरीला म्हटलं, यायचं नसेल तर येऊ नकोस, नाटक तुझं राहील. ती म्हणाली, येते, पण मला झोपवू नका. त्यांच्या गावाकडच्या एका समुपदेशक बाईंचा नंबर आईला दिलाय, त्यांच्याशी एकदा बोलणंही झालं.

काल तालमीला आली. प्रवेश पुन्हा बसवला, शोकाचं नावसुद्धा न घेता. आई भाकरी थापतेय. बातमी घेऊन शेजारी दारात उभा. तिला फक्त कृती दिल्या: थापणं थांबवायचं नाही, शेजाऱ्यानं वाक्य पुरं करू नये म्हणून त्याला कामं सांगत राहायचं. पाणी घे, बस, दिवा लाव. श्वास भाऊंनी सांगितला तसा, अर्धा घेऊन तोडायचा. आम्ही खरं पीठ आणलं होतं. पाचव्या वेळी भाकरी तिच्या हातात फाटली. ती फाटलेली कड जोडत राहिली, जोडत राहिली, आणि "दिवा लाव की" हे वाक्य असं आलं की शेजाऱ्याचं काम करणारा पोरगा आपलं वाक्य विसरला. मी मुद्दाम शेवटच्या रांगेत बसले होते. अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

प्रवेश संपल्यावर सगळ्यांनी तीन संथ श्वास घेतले, हौदावर जाऊन हात-तोंड धुतलं आणि एकेकानं आपलं पूर्ण नाव मोठ्यानं घेतलं. तिनं घेतलं, मधल्या वडिलांच्या नावासकट. मग पीठ उरलं होतं म्हणून तिनंच विचारलं, ताई, याचं काय करायचं? शिपाईमामांच्या घरून तवा आणला.

भारूडवाले दादा, येत्या शनिवारी परभणीला येता का? गाडीभाडं आणि जेवण आमच्याकडं. पोरांना आठ दिवस नुसता पाय शिकायचाय.